छापण्यापुरतं

ताकवलेबाई रेघ ओढताना श्वास हलके हलके सोडत. रोखून धरत नसत. "श्वास रोखला की हात घाबरतो," असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला आयुष्यात कधी सरळ रेघ ओढता आली नाही आणि माझ्या नोकरीत तिची गरजही पडली नाही. मी कंपनीच्या एचआर खात्यात. रजा, बढत्या, निरोपसमारंभ आणि भांडणं हे माझं काम. पण बाईंच्या टेबलाशेजारी उभं राहून मी त्यांची रेघ कितीदा तरी पाहिली आहे, आणि ती संपेपर्यंत दर वेळी माझाच श्वास अडकलेला असायचा.

बाई ट्रेसर होत्या. हे काय असतं ते आता सांगावं लागतं. पूर्वी डिझायनर पेन्सिलीनं ड्रॉइंग काढायचा. ट्रेसर त्यावर पारदर्शक कागद पसरून शाईनं त्याची हुबेहूब नक्कल करायचा. त्या नकलेवरून प्रिंट निघायच्या आणि त्या प्रिंट हातात घेऊन टूलरूममध्ये पोलाद कापलं जायचं. आमच्या कंपनीच्या पिंपरीतल्या जुन्या शेडमध्ये पाच ट्रेसर होते, त्यांतल्या चार बायका. कॉम्प्युटर आले तेव्हा चौघांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. ताकवलेबाई तेवढ्या राहिल्या. त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं, जुन्या ड्रॉइंगांची राखण करायला. पुढे कंपनी चाकणला गेली तेव्हा ती ड्रॉइंग टेंपोतून गेली आणि बाई त्यांच्यामागोमाग कंपनीच्या बसमधून. संत तुकाराम नगर ते चाकण, रोज सकाळी, डावीकडच्या खिडकीत.

मी नवा होतो तेव्हा कुठल्याशा कागदाच्या शोधात त्यांच्या खोलीत गेलो आणि बाहेर काढलेली एक भली मोठी प्रिंट मदत म्हणून घडी करून ठेवू लागलो. बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली, उलगडली आणि घडी परत घातली. कोपऱ्यात नावाची चौकट असते, ती सगळ्यात वर येईल अशी.

"नाव आत गेलं की शोधणाऱ्याला सगळा कागद उलगडावा लागतो, कदमसाहेब."

त्या मला कदमसाहेब म्हणायच्या. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्या 'साहेब'मध्ये थोडी थट्टा असायची आणि ती मला आवडायची. त्यांना स्वतःला मात्र कुणी मॅडम म्हटलेलं खपत नसे. "मॅडम वरच्या मजल्यावर बसतात. मी बाई."

तळेगावच्या पलीकडचं मावळातलं एक खेडं हे त्यांचं गाव. अक्षर चांगलं म्हणून मामानं ड्राफ्ट्समनच्या कोर्सला घातलं. वडील लवकर गेलेले. लग्न केलं नाही. आई शेवटची कित्येक वर्षं अंथरुणावर होती आणि तिचं सगळं करून बाई साडेसहाला बसथांब्यावर उभ्या असत. यावर त्या कधी बोलल्या नाहीत. एरवी आमच्यासारखं शुद्ध बोलत. पण फार राग आला किंवा फार माया दाटली की मावळ वर यायचा. "न्हाई म्हंजी न्हाई" असं त्या म्हणाल्या की समोरच्यानं गप्प बसावं.

बसमध्ये त्या कान काढायच्या. एका छोट्या वहीत, पुढच्या सीटवर जो कुणी बसला असेल त्याचा मागून दिसणारा कान. चेहरे नाहीत, नुसते कान. वहीच्या वह्या भरलेल्या. एकदा मी विचारलं, कानच का?

"चेहरा माणूस रोज तयार करून आणतो. कानाकडं त्याचं लक्ष नसतं."

मग त्यांनी पान उलटून मला एक जरा बाहेर आलेला, वरच्या कडेला चिमटा घेतल्यासारखा कान दाखवला. "ओळखा." मला ओळखता येईना. बसमधले सगळे हसायला लागले. तो माझा होता.

त्यांची एक गोष्ट सांगायलाच हवी. चाकणला हलताना बाई जुनी ड्रॉइंग लावत होत्या, तेव्हा एका डायचं, म्हणजे साच्याचं, पेन्सिलीचं मूळ ड्रॉइंग आणि स्वतः केलेली शाईची नक्कल एकमेकांवर ठेवली गेली. एका भोकाच्या मापात मुळात आठ होता. बाईंच्या नकलेत तीन. पंधरा वर्षांपूर्वी तो डाय चुकला होता आणि त्याचं खापर भालेकरमामा नावाच्या टूलमेकरवर फुटलं होतं. त्यांची पगारवाढ रोखली गेली होती. मामा केव्हाच निवृत्त झाले होते. डाय भंगारात गेला होता. कुणाला आठवतसुद्धा नव्हतं.

बाई प्लँट हेडकडे गेल्या. ते हसले. "बाई, पंधरा वर्षं झाली!" मग बाई माझ्याकडे आल्या. स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र त्यांच्याकडे होतं. चूक माझी होती, भालेकरांची नव्हती, असं दोन ओळींत. ते मामांच्या फाइलला लावा म्हणाल्या.

"बाई, ती फाइल बंद झालीये."

"बंद फाइल उघडतात ना?"

मी उघडली. पत्र लावलं. त्यावर आवक शिक्का मारा असंही त्यांनी सांगितलं, तोही मारला. पुढच्या रविवारी त्या तळवड्याला मामांच्या घरी गेल्या आणि मला ओढत घेऊन गेल्या. कंपनीचा माणूस बरोबर हवा म्हणून. मामा ओट्यावर बसले होते. बाईंनी हात जोडून सगळं सांगितलं. मामांनी ते ऐकून घेतलं. मग घराच्या आत तोंड करून ओरडले, "आगं ए! भायेर ये. ऐक ह्या काय म्हणत्यात." त्यांची बायको बाहेर आली, तेव्हा मामा म्हणाले, "मला तवाच म्हाईत व्हतं माझी चूक न्हाई. हिला पटत नव्हतं. बाई, परत एकदा सांगा, पहिल्यापासनं."

बाईंनी परत सांगितलं. पहिल्यापासून.

परतताना मी त्यांना म्हणालो, तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं. बाई म्हणाल्या, "मी नक्कल करणारी. माझ्याकडे दुसरं काय असतं? मुळात आहे ते आहे तसं ठेवायचं, एवढंच."

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून पुढे मी जे केलं ते मला माहीत नव्हतं म्हणून केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

बाई निवृत्त झाल्या. दोन वर्षांनी कंपनीला वर्धापनदिनाचं कॅलेंडर काढायचं होतं. दर वर्षी यंत्रांचे फोटो असतात, या वर्षी माणसं घेऊ, असं ठरलं. कामगारांची चित्रं, हातानं काढलेली. बाईंचं नाव मी सुचवलं. त्याची शाबासकीही मला मिळाली.

मी संत तुकाराम नगरमधल्या त्यांच्या घरी गेलो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दारात कढीपत्त्याचं झाड. आई गेल्यावर मोकळ्या झालेल्या खाटेवर आता कागदांची चळत होती. बाई आधी नाही म्हणाल्या, मग तयार झाल्या. एका अटीवर. माणसं त्या निवडणार. बारा निवडली, त्यांत एकही सुपरवायझर नव्हता. फोर्कलिफ्ट चालवणारा बबन येळवंडे होता. चाकणजवळच्याच गावचा, आणि ज्या जमिनीवर तो फोर्कलिफ्ट फिरवायचा त्यातला एक तुकडा त्याच्या आजोबांचा होता. कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्या गयाबाई होत्या. लातूरजवळच्या औशाच्या, ठेकेदारामार्फत लागलेल्या, चाकणला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या.

प्रत्येकाला बाईंनी दोन-दोन तास बसवलं. कुणाला कंपनीत, कुणाला घरी जाऊन. सुरुवात कानापासून. गयाबाईंचं चित्र काढलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होतो. दुपारची जेवणं उरकली होती. गयाबाईंनी कॅन्टीनची टोपी काढून ठेवली, पदर सारखा केला आणि बसल्या. पहिला अर्धा तास लाजत होत्या. मग शांत झाल्या. इतक्या शांत की स्वयंपाकघरातली पोरंही भांडी हळू आपटू लागली. चित्र झाल्यावर त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं.

"मोबाईलात लई फोटू हायत माझे," त्या म्हणाल्या. "पर इतका येळ बसून मला बगितलंच नाई कुनी."

"हे तुमचंच आहे," बाई म्हणाल्या. "छापून झालं की आणून देते. औशाला न्या."

असं त्यांनी बाराही जणांना सांगितलं होतं. प्रत्येक चित्राखाली बारीक शाईत त्या माणसाचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

कंपनीचं काम म्हणजे वर्क ऑर्डर आली. मी नेहमीच्या नमुन्यातली ऑर्डर काढली. बाहेरून ड्रॉइंग करून घेताना आम्ही वापरतो तीच, चार पानी. ती घेऊन बाईंच्या घरी गेलो. बाईंनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. इंग्रजी कायद्याचं होतं. तिसऱ्या पानावर थांबल्या.

"कदमसाहेब, यात मूळ चित्र कोणाचं ते लिहिलंय का? कंपनीत असताना काढलं ते कंपनीचं, ते मला माहीत आहे. पण ही मी निवृत्त झाल्यावर काढलीत, माझ्या कागदावर. आणि मी लोकांना शब्द दिलाय."

मी ते तिसरं पान कधीच वाचलेलं नव्हतं. त्या नमुन्यातलं कुठलंच पान मी नीट वाचलेलं नव्हतं. बाहेर गाडी उभी होती आणि मला परत जाऊन कसलीशी मीटिंग गाठायची होती.

"ते नेहमीचंच असतं हो बाई," मी म्हणालो. "छापण्यापुरतं."

त्यांनी सही केली. मग चित्रं मोजली, एकदा आणि परत एकदा, प्रत्येकावर पातळ कागद घातला. आणि कपाटातून एक वही काढली. रेकॉर्ड रूममध्ये असायची तशी: काय नेलं, कोणी नेलं, कधी परत. मी हसलो.

"आता माझ्यावर पण रजिस्टर का, बाई?"

बाई ओशाळल्या. खरंच ओशाळल्या. "सवय हो," म्हणाल्या आणि वही परत कपाटात ठेवली. बारा चित्रं माझ्या हातात दिली आणि वर लसणाच्या चटणीची पुडी.

कॅलेंडर सुंदर झालं. नावं मात्र छापताना कापली गेली. 'साहित्य वहन', 'भोजन सेवा' असं काहीबाही खाली आलं. तरी लोक खूश होते. बबननं गावात तीस कॅलेंडरं वाटली. आणि मूळ चित्रांवर वरिष्ठांची नजर गेली. परदेशातून पाहुणे आले होते, त्यांतल्या तिघांना एकेक चित्र भेट दिलं गेलं. छान चौकटीत घालून, शाल-श्रीफळासकट. त्यांत गयाबाई गेल्या. उरलेली नऊ पुण्यातल्या मुख्य कचेरीच्या दर्शनी दालनात लागली. मी पुढे ती पाहिली. चौकट बसवताना भोवती जाड पांढरा पुठ्ठा घातला होता आणि खालची नावं त्याखाली गेली होती. त्या दालनात जायला जो पास लागतो, तो चित्रांतल्या एकाकडेही नव्हता.

बाई महिन्याभरानं चित्रं न्यायला आल्या. कापडी पिशवी, तिच्यात दोन पुठ्ठे. मला तोवर सगळं कळलं होतं. तिसरं पानही मी वाचलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की केलेलं सगळं काम, मूळ आणि प्रती, कंपनीच्या मालकीचं. मी बाईंना म्हणालो, "फ्रेमवाल्याकडे आहेत. पुढच्या आठवड्यात फोन करतो."

फोन केला नाही. त्या परत आल्या. मी मीटिंगमध्ये आहे असं सांगायला लावलं. त्या स्वागतकक्षात दीड तास बसून गेल्या. काचेतून मला त्यांची पिशवी दिसत होती.

तोपर्यंत कॅन्टीनमध्ये बोलणं सुरू झालं होतं. मुख्य कचेरीत माल पोचवायला गेलेल्या ड्रायव्हरनं भिंतीवरची चित्रं पाहिली होती. गयाबाईंचं त्यांत नव्हतं आणि ते परदेशी पाहुण्यांनी नेलं, हेही कुणीतरी सांगितलं होतं. एका दुपारी मी ताट घेऊन रांगेत उभा होतो. गयाबाई वाढता वाढता पुढच्या माणसाला म्हणत होत्या, "इकलं की हो बाईनं माझं तोंड. गोड बोलून बसवलं आन इकलं. मला वाटलं होतं माझ्यावानी माणूस हाय."

माझा नंबर आला तेव्हा त्यांनी मला साहेब म्हणून भाजी जरा जास्त वाढली. ती मी खाल्ली.

शेवटी बाई थेट प्लँट हेडकडे गेल्या. मला आत बोलावलं गेलं. साहेबांच्या पुढ्यात वर्क ऑर्डर होती, तिसरं पान उघडलेलं. ते वाईट माणूस नव्हते. आवाज चढवला नाही.

"बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण हे बघा, लिहिलेलं आहे आणि तुमची सही आहे. शिवाय चित्रं किती सन्मानानं लावलीत. हवं तर प्रत्येकाला चांगल्या कागदावर रंगीत झेरॉक्स काढून देऊ. काय फरक पडतो?"

"नकलाच केल्यात मी पस्तीस वर्षं, साहेब. मला फरक माहीत आहे." बाई शांत होत्या. "आणि सही केली ती विचारून केली. मी विचारलं होतं. कदमसाहेब म्हणाले, छापण्यापुरतं."

साहेब माझ्याकडे वळले. "कदम? असं काही कबूल केलं होतं तुम्ही?"

त्या वर्षी माझी बढती व्हायची होती. पण हे कारण मी नंतर शोधलं. त्या क्षणी बढती माझ्या डोक्यातही नव्हती. डोक्यात एवढंच होतं की समोर विचारलंय आणि उत्तर द्यायचंय आणि हो म्हटलं तर पुढे आणखी प्रश्न येतील.

"तसं स्पष्ट असं काही नव्हतं, सर," मी म्हणालो.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. खोटं बोलताय असं त्या म्हणतील, याची मी वाट पाहत होतो. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चिडलो असतो, आवाज चढवला असता, आणि माझ्या मनात ते एक भांडण होऊन राहिलं असतं. पण बाई खाली बघून म्हणाल्या, "मग माझ्या ऐकण्यात चूक झाली असंल."

'असंल' म्हणाल्या. पिशवी उचलली आणि गेल्या. मी जिन्यापर्यंत मागे धावलो. "बाई, मी..."

"राहू द्या, साहेब. कामाला जा."

नुसतं 'साहेब'. त्यात थट्टा नव्हती.

पुढचं मला बबनकडून कळलं. सहाएक महिन्यांनी पार्किंगमध्ये त्यानं मला गाठलं. "साहेब, बाई आल्या व्हत्या आमच्या घरी. परत काढलं माझं चित्र. अडीच तास बसवलं राव. आता त्यांचं डोळं बी न्हाईत पयल्यासारखं, पार नाकापाशी कागद धरत्यात." बाई एकेकाचा पत्ता शोधून फिरत होत्या. मोशी, भोसरी, आळंदी, तळेगाव, जिथे कुठे ती माणसं राहत असतील तिथे. दोघांनी दारातूनच परत पाठवलं. बाकीच्यांनी आत घेतलं.

"आमी इचारलं, बाई, पयलं कुठं गेलं? तर म्हणत्यात, माझ्या ऐकण्यात चूक झाली. आमाला काय पटलं न्हाई. पस्तीस वर्षं त्या बाईनं एक आकडा इकडचा तिकडं व्हऊ दिला न्हाई." बबन माझ्या तोंडाकडे बघत होता. "तुमाला काय म्हाईत हाय का?"

"नाही रे," मी म्हणालो.

भालेकरमामांच्या आकड्याचं त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. तो आकडा इकडचा तिकडे झाला होता, म्हणून तर त्या पंधरा वर्षांनी तळवड्याला गेल्या होत्या.

गयाबाई राहिल्या होत्या. ठेका बदलला तेव्हा त्यांचं काम सुटलं आणि त्या गावी निघून गेल्या. एके दिवशी बाईंचा फोन आला. जिन्यानंतर पहिल्यांदाच. इकडचं तिकडचं काही नाही. "गयाबाईंचा गावचा पत्ता तुमच्या रेकॉर्डला असेल. मला हवाय. बुधवारी सकाळची लातूरची गाडी आहे, वल्लभनगरहून."

पत्ता फोनवर सांगता आला असता. मी म्हणालो, स्टँडवर घेऊन येतो. आदल्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून मी एक पत्र लिहिलं, गयाबाईंच्या नावानं. पाच वेळा लिहिलं. शेवटचं नीट जमलंय असं वाटलं.

बुधवारची ती आमची शेवटची भेट. बाई आहेत. संत तुकाराम नगरमध्येच आहेत, माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर. पुढे औशाला काय झालं, गयाबाईंनी त्यांना घरात घेतलं का, हे मला अजून माहीत नाही. विचारायला गेलो नाही, कारण ते विचारायचा माझा हक्क उरलाय असं मला वाटत नाही. कधी त्या बाजूनं जावं लागलं तर मी अलीकडच्या चौकातून वळतो.

बुधवारी मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी फलाटाला लागलेली होती आणि बाई खिडकीत बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा गडद चष्मा. मांडीवर लाकडी ड्रॉइंग बोर्ड उभा धरलेला. मी खिडकीखाली उभा राहिलो, पत्ता दिला. मग म्हणालो, "बाई, तुमच्या ऐकण्यात चूक नव्हती."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं हे म्हटल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. शेजारच्या फलाटावर कंडक्टर सोलापूर, सोलापूर ओरडत होता.

"मी आलो असतो बरोबर," मी म्हणालो. "पण आज ऑडिट आहे." ऑडिट खरंच होतं. मी पत्र पुढे केलं. "हे गयाबाईंना द्या. मी लिहिलंय, तुम्ही विकलं नाही म्हणून."

बाईंनी चष्मा वर केला, कागद नाकाजवळ धरला आणि वाचलं. सगळं वाचलं, खालच्या सहीपर्यंत. मग बोट एका ओळीवर टेकवून कागद खिडकीतून माझ्याकडे वळवला. 'गैरसमजामुळे मूळ चित्रे परत मिळू शकली नाहीत,' अशी ती ओळ होती. पाच वेळा लिहून जमवलेली.

"कुणाचा?"

"काय?"

"गैरसमज कुणाचा झाला व्हता?"

ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं, खिडकीच्या काचा थरथरू लागल्या.

"त्या बाईला वाचता येत न्हाई," ताकवलेबाई म्हणाल्या. "तिची लेक वाचून दाखवल, मोठ्यानं. सगळं घर ऐकल. मला तिथं असलं काय ऐकायचं न्हाई. गैरसमज न्हवता त्यो."

मी कागद घेतला. गाडीच्या धुळकट पत्र्यावर टेकवून ती ओळ खोडली. खाली जागा थोडी होती. 'मी कागद न वाचता बाईंना शब्द दिला,' इतकं लिहिलं आणि थांबलो. पत्रा थरथरत होता, अक्षर वेडंवाकडं येत होतं. पुढचं वाक्य मला माहीत होतं, पण ते हातातून उतरेना. कंडक्टरनं दार ओढून घेतलं, डोकं बाहेर काढलं. "ओ साहेब, उरका! गाडी सुटली."

"थांबा हो जरा," आतून बाईंचा आवाज आला. कंडक्टरला म्हणाल्या त्या, माझ्याकडे न बघता. "लिहितायत ते."

गाडी थांबली. चाळीस माणसं थांबली. मी लिहिलं, 'आणि नंतर साहेबांसमोर नाकारला.' खाली पूर्ण नाव घातलं. कागद खिडकीतून आत दिला. बाईंनी तो वाचला. ब्लाउजच्या आतल्या पाकिटात ठेवला.

गाडी मागे आली, वळली आणि फाटकाकडे निघाली. वळणावर बोर्ड घसरला असावा. बाईंनी तो दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला आणि पुढे बघत बसून राहिल्या.